हान्स लांग्सडोर्फ : जटलंड ते माँटेव्हिडिओ

दर्यावर्दी

'ॲडमिरल ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेबद्दल मराठीत अधूनमधून लिहिलं जातं. पण गोष्ट बहुतेक वेळा १३ डिसेंबर १९३९ च्या लढाईपाशी सुरू होते आणि चार दिवसांनी जहाज बुडालं की संपते. कप्तान हान्स लांग्सडोर्फ त्यात येतो तो थेट शेवटच्या अंकात. त्याने आपल्याच हाताने जहाज का बुडवलं, यावर मग भित्रा की थोर अशी दोन टोकांची मतं पडतात. माझं म्हणणं असं की या माणसाचा निर्णय कळायचा तर वीस-पंचवीस वर्षं मागे जायला हवं. १९३९ चा कप्तान १९१६ ते १९१९ या काळात घडला होता.

जन्म २० मार्च १८९४ चा, बाल्टिक समुद्रातल्या रुगेन बेटावर, बेर्गन गावी. घराणं कायदा आणि चर्च यांच्याशी जोडलेलं, दर्याशी नातं काहीच नाही. चार वर्षांचा असताना कुटुंब ड्युसेलडॉर्फला आलं आणि शेजार मिळाला ग्राफ माक्सिमिलियान फोन श्पे यांच्या घराचा. हेच ते ॲडमिरल फोन श्पे, ज्यांच्या पूर्व आशिया ताफ्यातल्या 'एम्डन'ने सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. घरच्यांच्या मनाविरुद्ध पोरगा १९१२ मध्ये कीलच्या नौदल अकादमीत गेला. दोन वर्षांनी, ८ डिसेंबर १९१४ ला, फॉकलंडच्या लढाईत ॲडमिरल श्पे गेले. त्यांचे दोन्ही मुलगे, ओट्टो आणि हाइनरिश, त्याच दिवशी त्याच लढाईत गेले.

३१ मे १९१६ ला ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत जटलंडची लढाई झाली. लांग्सडोर्फ तेव्हा 'ग्रोसर कुरफ्युर्स्ट' या युद्धनौकेवर तरुण अधिकारी होता. त्या नौकेवर बरेच गोळे पडले, माणसं गेली, ती स्वतः मात्र तगली. त्याला आयर्न क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळालं. पुढे त्याने सुरुंग काढणाऱ्या बोटींवर काम केलं. मोठ्या युद्धनौका बंदरात गंजत पडल्या होत्या आणि या लहान बोटी रोज पाण्यात मरण शोधत फिरत होत्या. माझ्या मते माणसाच्या जिवाचा हिशेब तो तिथेच शिकला.

युद्ध हरल्यावर जर्मन ताफा ब्रिटिशांच्या स्कापा फ्लो बंदरात अडकवून ठेवला होता. २१ जून १९१९ ला ॲडमिरल फोन रॉयटर यांच्या हुकुमावरून जर्मन खलाशांनी जहाजांच्या तळाच्या झडपा उघडल्या. पन्नासावर जहाजं बुडाली, त्यात 'ग्रोसर कुरफ्युर्स्ट'ही होती. म्हणजे लांग्सडोर्फ ज्या नौकेवरून लढला, ती तिच्याच माणसांनी बुडवली आणि जर्मन नौदलाने त्यात अब्रू राखल्याचं समाधान मानलं. वीस वर्षांनी तसाच प्रसंग त्याच्यावर आला.

मधल्या वर्षांत व्हर्सायच्या तहाने जर्मन नौदलाची माणसं पंधरा हजारांवर आणून ठेवली होती. एवढ्यात ज्यांना ठेवून घेतलं त्यांतला तो एक. १९२४ मध्ये लग्न झालं. मग बर्लिनमध्ये संरक्षण मंत्रालय, टॉर्पेडो बोटींचा ताफा, पुन्हा बर्लिन. कागदावर नीट काम करणारा आणि माणसांशी सौम्य बोलणारा अधिकारी म्हणून तो वर चढत गेला. १९३६-३७ मध्ये स्पेनच्या यादवीच्या काळात तो 'ग्राफ श्पे'वरच ॲडमिरल ब्योम यांच्या हाताखाली होता आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याच नौकेचा कप्तान झाला. लहानपणच्या शेजाऱ्याच्या नावाचं जहाज.

जहाजाबद्दल थोडं. तहाने दहा हजार टनांची मर्यादा घातली होती. जर्मनांनी कागदोपत्री ती पाळली आणि प्रत्यक्षात बरीच ओलांडली. २८ सेंटिमीटरच्या सहा तोफा, आठ डिझेल इंजिनं, २८ नॉट वेग. जी क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, हिला गाठेल तिच्यावर तोफांनी मात करायची आणि जी मोठी युद्धनौका हिला मारू शकेल तिच्यापासून पळून जायचं, असा हिशेब होता. डिझेलमुळे ती इंधन न भरता १६,००० सागरी मैल जाऊ शकत होती. व्यापारी जहाजांची शिकार करायला याहून सोयीचं जहाज तेव्हा नव्हतं.

२१ ऑगस्ट १९३९ ला, युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, ती विल्हेल्म्सहाफेनहून गुपचूप निघाली. तेलवाहू 'आल्टमार्क' त्याआधीच अमेरिकेत तेल भरायला गेलं होतं. पहिलं सावज ३० सप्टेंबरला मिळालं. ब्राझीलजवळ 'क्लेमेंट' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज. त्याची माणसं होड्यांत उतरली. कप्तान आणि मुख्य इंजिनिअर यांना जर्मनांनी वर घेतलं आणि मग लांग्सडोर्फने ब्राझीलच्या रेडिओ केंद्राला संदेश पाठवला की 'क्लेमेंट'च्या होड्या समुद्रात आहेत, त्यांना वाचवा. भर युद्धात, स्वतःचा ठावठिकाणा उघड करून! त्या दोघांनाही पुढे एका ग्रीक जहाजावर चढवून सोडून दिलं.

त्यानंतर 'न्यूटन बीच', 'ॲशली', 'हंट्समन', 'ट्रेव्हॅनियन', मग हिंदी महासागरात मोझांबिकजवळ 'आफ्रिका शेल', परत अटलांटिकमध्ये 'डोरिक स्टार', 'तैरोआ' आणि ७ डिसेंबरला 'स्ट्रिऑनशाल'. नऊ जहाजं, एकूण पन्नास हजार टनांवर, समुद्रात गेली आणि या नऊ जहाजांवरच्या एकाही खलाशाचा जीव गेला नाही. दोन महायुद्धांच्या सागरी इतिहासात असं उदाहरण विरळा.

१३ डिसेंबरची लढाई आणि पुढचे चार दिवस यांवर खाली प्रतिसादांत चर्चा होईलच, म्हणून थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाजवळ ब्रिटिश कमोडोर हेन्री हारवुडच्या तीन क्रूझर, 'एक्झिटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस', यांच्याशी गाठ पडली. 'एक्झिटर' जवळजवळ संपली, पण 'ग्राफ श्पे'लाही वीसेक गोळे लागले, ३६ माणसं गेली. लांग्सडोर्फ उघड्या मचाणावरून लढाई चालवत होता. किरचा लागल्या, एकदा तो बेशुद्धही पडला. रात्री त्याने उरुग्वेचं माँटेव्हिडिओ बंदर गाठलं. तटस्थ उरुग्वेने ७२ तास दिले. १७ तारखेला त्याने खलाशी उतरवून जहाज उडवलं आणि तीन दिवसांत ब्वेनोस आयरेसमध्ये स्वतःला गोळी घातली. वय ४५.

माझ्या लेखी हा पराभव असला तरी दुबळेपणा नव्हता. हजारावर माणसांना, त्यांतली बरीचशी विशीतली पोरं, नुसत्या इभ्रतीपायी मरायला पाठवायचं नाही हे त्याने ठरवलं आणि इभ्रतीची किंमत एकट्याने भरली.

बखरकार

लेख आवडला, दर्यावर्दी. मांडणीशी मात्र पूर्ण सहमत नाही.

पहिला मुद्दा लढाईचा. त्याला स्पष्ट हुकूम होता की शत्रूच्या युद्धनौकांशी भिडायचं नाही, दुय्यम असल्या तरी नाही. सकाळी सहाच्या सुमारास डोलकाठ्या दिसल्या. त्याला वाटलं, एक क्रूझर आणि दोन विनाशिका एखाद्या काफिल्याची राखण करत आहेत. त्याचं टेहळणी विमान नेमकं त्या दिवसांत बंद पडलं होतं, त्यामुळे खात्री करता आली नाही. तरी तो सरळ त्यांच्यावर चालून गेला. २८ सेंटिमीटरच्या तोफांचा पल्ला जास्त होता, तर लांब राहून एकेकीला टिपायचं सोडून अंतर कमी का केलं? आणि 'एक्झिटर'चे तोफांचे बुरुज बंद पडले, पुलावरची, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या जागेवरची माणसं मेली, कप्तान बेल होडीतल्या होकायंत्रावर जहाज हाकत होता, तेव्हा तिला संपवली का नाही? 'एजॅक्स'चे मागचे दोन बुरुज गेले होते. दोन-तीन तास आणखी रेटलं असतं तर निकाल वेगळा लागता.

दुसरा मुद्दा. बुडवलं तेही उथळ पाण्यात! जहाजाचा वरचा भाग महिनोन् महिने पाण्याबाहेर राहिला. त्यावर 'झेटाक्ट' रडारचा अँटेना होता. ब्रिटिशांनी मध्यस्थ घालून सांगाडा विकत घेतला आणि आपला रडारतज्ज्ञ पाठवून तो पाहून घेतला. सेनापती म्हणून ही मोठी चूक.

शर्वरी_के

मला लढाईतलं कळत नाही, पण एक छायाचित्र पाहिल्यापासून हा माणूस डोक्यातून जात नाही. १५ डिसेंबरला माँटेव्हिडिओत मेलेल्या जर्मन खलाशांचं दफन झालं. कबरीशी उभे असलेले लोक हात पुढे करून नाझी सलाम करतायत आणि लांग्सडोर्फ एकटा टोपीला हात लावून जुना नौदलाचा सलाम करतोय. चेहऱ्यावर थकवा. त्याने हे मुद्दाम केलं असेल का?

बखरकार

शर्वरी, ते चित्र खरं आहे, पण त्यावरून तो नाझीविरोधी होता असं ठरवू नका. तेव्हा नौदलात टोपी घातलेल्या अधिकाऱ्याने नौदलाचा सलाम करणं हे नियमात बसणारं होतं. आणि मरण्याआधी त्याने ब्वेनोस आयरेसमधल्या जर्मन राजदूताला जे पत्र लिहिलं त्यात राष्ट्राच्या भवितव्यावर आणि फ्युररवर आपला ठाम विश्वास असल्याचं म्हटलंय. हे पत्र वगळून त्याला संत करता येणार नाही. ज्या राजवटीसाठी त्याने पन्नास हजार टन जहाजं बुडवली ती राजवट सप्टेंबर १९३९ पासून पोलंडमध्ये काय करत होती, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

दर्यावर्दी

बखरकार, पत्राचा मुद्दा मोलाचा आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. त्याच पत्रात आणखी एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की अब्रूची चाड असलेल्या कप्तानाचं नशीब जहाजाच्या नशिबापासून वेगळं करता येत नाही. म्हणजे निष्ठा होतीच. नाझी पक्षाची म्हणण्यापेक्षा कैसरच्या काळात शिकलेल्या नौदलाची जास्त, असं मी वाचतो. त्याने मरताना जुन्या शाही नौदलाचा ध्वज अंगाखाली घेतला होता असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. मी त्यावर भिस्त ठेवत नाही. त्याच्या वागण्याचा पुरावा त्या नऊ जहाजांत आहे.

लढाईबद्दल : अंतर कमी करणं ही चूकच, हे मान्य. पण 'आणखी दोन-तीन तास' हे आपण आज नकाशा समोर ठेवून म्हणतो. गोळ्यांचा साठा निम्म्याच्या खाली गेला होता. 'अकिलीस' अजून धड होती. आणि मायदेश सहा हजार मैलांवर, तोही उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात.

इंजिनरूम

मर्चंट नेव्हीत इंजिनवर नोकरी केली, त्यामुळे मला या प्रकरणात तोफांपेक्षा तेलाचं जास्त वाटतं.

जहाजाच्या टाकीतलं डिझेल जसंच्या तसं इंजिनात घालता येत नाही. त्यात पाणी असतं, गाळ असतो. तेल गरम करायचं, सेपरेटरमधून फिरवायचं, मग रोजच्या टाकीत घ्यायचं. गरम करायला वाफ लागते. 'ग्राफ श्पे'ची वाफेची व्यवस्था मारा झालेल्या भागात होती, असं नंतरच्या अभ्यासकांनी मांडलंय. म्हणजे टाक्या भरलेल्या, पण इंजिनात घालण्याजोगं तेल थोड्या तासांचंच. हे कितपत निर्णायक होतं यावर वाद आहेत, पण कुठलाही चीफ इंजिनिअर ही परिस्थिती ऐकून गप्प बसणार नाही. शिवाय खारं पाणी गोडं करणारं यंत्र गेलं, भटारखाना गेला, पुढच्या बाजूला पत्र्याला माणूस उभा राहील एवढं भगदाड. हजार माणसांना प्यायला पाणी नाही, शिजवायला चूल नाही. इंजिनं तर चार महिने सतत चालून दुरुस्तीला आली होती.

आणि प्लेट नदीचं मुख! नाव नदी, रुंदी समुद्राची आणि खोली बेताची. जहाजाचा तळ सात मीटरवर खाली आणि वाट काढलेली नाळ अरुंद. अशा पाण्यात इंजिन थंड करायला ओढलेलं पाणी चिखल घेऊन येतं. बाहेर पडून लढायचं म्हणजे आधी या नाळेतून सरळ रेषेत जायचं आणि समोर शत्रू टपून बसलेला.

उथळ पाण्यात बुडवलं म्हणून दोष देता येतो, पण खोल पाण्यापर्यंत जायला मधे ब्रिटिश होते ना.

तांडेल_रत्नागिरी

दर्यावर्दी काका, 'हंट्समन'वर एका ओळीत पुढे गेलात, म्हणून लिहितो.

'हंट्समन' कलकत्त्याहून इंग्लंडला निघालेलं जहाज. त्यात चहा, कातडी, गालिचे. जर्मन खलाशांना त्या मालातून चहा मिळाला, उन्हाच्या टोप्या मिळाल्या, हे सगळे गमतीने सांगतात. त्यावरचे बहुतेक खलाशी हिंदी होते हे कुणी सांगत नाही. कलकत्त्याची जहाजं म्हटली की सिल्हेट, नोआखाली, चितगावकडची माणसं. मुंबईहून भरती व्हायची तेव्हा आपले कोकणी मुसलमान डेकवर आणि इंजिनात, गोंयकार स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत सारंग, तांडेल, सुकाणी ही पदं आडनावासारखी लागलेली आहेत. म्हणून ही माणसं मला परकी वाटत नाहीत.

या हिंदी खलाशांना 'ग्राफ श्पे'वरून 'आल्टमार्क'वर हलवलं. तिथला कप्तान हाइनरिश डाऊ. तेलवाहू जहाजाच्या तळघरात शेकडो माणसं, उजेड नाही, हवा कोंदट, शौचाला पिंपं. प्लेटच्या मुखाशी लढाई झाली तेव्हा ही माणसं अटलांटिकमध्येच कुठेतरी त्या पोटात होती. पुढे दोन महिने! नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी जहाज तपासलं, पण कैदी त्यांना 'सापडले' नाहीत. शेवटी १६ फेब्रुवारी १९४० ला 'कोसॅक' विनाशिकेच्या कप्तान फिलिप व्हायनने नॉर्वेच्या योस्सिंगफ्योर्डमध्ये शिरून २९९ कैदी सोडवले. त्यांत आपलेही होते.

लांग्सडोर्फने कुणाला मारलं नाही हे खरं. पण ज्यांना त्याने डाऊच्या ताब्यात दिलं त्यांच्या चार महिन्यांची जबाबदारी त्याच्याकडे अजिबात जात नाही का? ब्रिटिश कप्तानांना त्याने स्वतःच्या जहाजावर ठेवलं, सिगार दिले, गप्पा मारल्या. साध्या खलाशाच्या वाट्याला तळघर आलं.

दर्यावर्दी

तांडेल, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला लांग्सडोर्फच्या बाजूने देता येत नाही. युद्धनौकेवर शेकडो कैदी ठेवून लढता येत नाही, एवढंच म्हणता येईल. अधिकारी वर आणि खलाशी खाली, ही वाटणी मात्र त्या काळच्या प्रत्येक नौदलाची होती आणि गोरा-काळा भेद त्यावर आणखी होता. माँटेव्हिडिओत सुटलेले साठेक ब्रिटिश कैदी त्याची तोंड भरून स्तुती करत होते. 'आल्टमार्क'मधून सुटलेल्यांच्या तोंडी डाऊचं नाव शिवीसारखं होतं.

नेव्हीवाल्याची_लेक

धागा वाचतेय आणि वाट बघतेय की कुणीतरी 'अकिलीस'चं सांगेल!

मंडळी, ती 'अकिलीस' म्हणजे आपली 'आयएनएस दिल्ली'. प्लेटच्या लढाईत ती न्यूझीलंडच्या तुकडीत होती, निम्म्याहून जास्त खलाशी तिथलेच. जुलै १९४८ मध्ये भारताने ती घेतली आणि स्वतंत्र भारताच्या नौदलाची ती पहिली क्रूझर झाली. रामदास कटारी, जे पुढे १९५८ मध्ये आपले पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले, ते तिच्यावर सुरुवातीला सेकंड-इन-कमांड होते. १९५० मध्ये नेहरू इंडोनेशियाला गेले ते 'दिल्ली'वरूनच. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी तिला दीवकडे पाठवलं होतं, तिथे तिच्या तोफा चालल्या.

त्याहून मोठी गोष्ट माणसाची आहे. त्या लढाईत 'अकिलीस'चा कप्तान होता विल्यम एडवर्ड पॅरी. पायांत किरचा घुसल्या तरी पुलावरून हलला नाही. हेच पॅरी १९४८ ते १९५१ भारतीय नौदलाचे प्रमुख होते. म्हणजे लांग्सडोर्फवर ज्याने तोफा डागल्या तो माणूस आणि त्याचं ते जहाज, दोघंही काही वर्षांनी भारतीय नौदलात होते.

माझे बाबा सत्तरच्या दशकात 'दिल्ली'वर होते. तेव्हा ती प्रशिक्षणासाठी वापरत. ते सांगायचे, म्हातारी होती पण पितळ लख्ख ठेवायचा दंडक होता आणि नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात बजावायचे की या डेकवर लढाईत माणसं मेलीत, चपला फरफटवत चालायचं नाही. 'अकिलीस'वर त्या सकाळी चार जण गेले होते. बाबांनी जर्मन कप्तानाचं नावही आदराने घेतलं. नौदलातली माणसं बहुधा घेतातच.

३० जून १९७८ ला ती मुंबईत निवृत्त झाली. तिचा तोफांचा एक बुरुज न्यूझीलंडला परत दिला, तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळापाशी आहे.

इंजिनरूम

वा! ताई, हे इतकं सलग कधी वाचलं नव्हतं. १९५६ मध्ये या लढाईवर ब्रिटिश चित्रपट आला त्यात 'अकिलीस'चं काम 'दिल्ली'नेच केलं होतं, भारतीय नौदलाने ती चित्रीकरणाला दिली होती. 'ग्राफ श्पे' म्हणून मात्र एक अमेरिकन क्रूझर उभी केली.

ओंटारियोकर

इथे टोरंटोजवळ एजॅक्स नावाचं गाव आहे. महायुद्धात तोफगोळे बनवायचा कारखाना निघाला, त्याभोवती वस्ती झाली आणि तिला 'एजॅक्स' क्रूझरचं नाव दिलं. इथल्या रस्त्यांना त्या तीन जहाजांवरच्या माणसांची नावं आहेत. मधे एका रस्त्याला लांग्सडोर्फचंही नाव दिलं होतं, शत्रूचा पण सभ्य कप्तान म्हणून. अलीकडच्या वर्षांत त्यावरून गावात जोरदार वाद झाला. ज्यू रहिवाशांचं म्हणणं, स्वस्तिकाच्या झेंड्याखाली लढलेल्याचं नाव आमच्या दारात नको. मी दोन्ही बाजू ऐकल्या. ज्यांच्या घरातली माणसं छावण्यांत गेली त्यांना 'पण तो सभ्य होता' हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

उरुग्वेतही हेच. २००६ मध्ये जहाजाच्या मागच्या बाजूचा कांस्याचा गरुड, पंजात स्वस्तिक, समुद्रातून काढला. त्याचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की तो वितळवून शांतीचं कबूतर करू. लोक भडकले आणि थोड्याच दिवसांत बेत मागे घेतला.

बखरकार

ओंटारियोकर, रस्त्याला नाव देणं म्हणजे गौरव. अभ्यास म्हणजे गौरव नव्हे. दर्यावर्दी करतायत तो अभ्यास आहे आणि तो व्हायलाच हवा.

आता त्या चार दिवसांचं कुणीतरी नीट लिहा. ब्रिटिशांनी बनवाबनवी केली म्हणतात ती नेमकी कशी?

दर्यावर्दी

लिहितो. हा भाग मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतो, कारण इथे तोफ एकही सुटली नाही.

१९०७ च्या हेग कराराप्रमाणे तटस्थ बंदरात युद्धनौकेला २४ तास. दुरुस्ती केवळ समुद्रात तरंगण्यापुरती, लढण्यापुरती नाही. उरुग्वेतले जर्मन राजनैतिक प्रतिनिधी लांगमान यांनी दोन आठवडे मागितले. ब्रिटिश प्रतिनिधी मिलिंग्टन-ड्रेक यांनी आधी हट्ट धरला की लगेच हाकला. मग लंडनच्या ध्यानात आलं की बाहेर आपली ताकदच नाही, मोठी जहाजं दूर आहेत, तेव्हा 'श्पे' आत राहिलेलीच बरी. करारात आणखी एक कलम होतं : शत्रूचं व्यापारी जहाज बंदरातून निघालं तर युद्धनौकेला त्यानंतर २४ तास थांबावं लागतं. ब्रिटिशांनी आपली व्यापारी जहाजं एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. उरुग्वेचे परराष्ट्रमंत्री ग्वानी यांनी शेवटी ७२ तासांवर बोट ठेवलं. १७ तारखेची रात्र आठ.

तोवर अफवा पसरवल्या गेल्या की विमानवाहू 'आर्क रॉयल' आणि युद्धनौका 'रिनाउन' दाराशी आल्या आहेत. खरं तर १४ तारखेला रात्री एकटी 'कंबरलंड' क्रूझर येऊन मिळाली होती. 'श्पे'च्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना तर क्षितिजावर 'रिनाउन' दिसल्याचा भास झाला. लांग्सडोर्फने बर्लिनला कळवलं. उत्तर आलं : उरुग्वेत अडकून पडायचं नाही, जमल्यास ब्वेनोस आयरेसला निसटा, नाहीतर बुडवा. म्हणजे बुडवण्याचा पर्याय वरूनच मंजूर होता. नंतर हिटलर संतापला आणि जर्मन नौदलप्रमुख रेडरने सगळ्या कप्तानांना हुकूम सोडला की यापुढे शेवटच्या गोळ्यापर्यंत लढा, जिंका किंवा झेंडा फडकत ठेवून बुडा. तोच रेडर, ज्याने काही दिवस आधी दुसरा मार्ग मोकळा ठेवला होता!

रविवारी सायंकाळी सव्वासहाला जहाज निघालं. किनारा माणसांनी काळा झालेला. लोकांना वाटलं, लढाई बघायला मिळणार. बहुतेक खलाशी आधीच 'टाकोमा' या जर्मन मालवाहू जहाजावर हलवले होते. काही मैलांवर नांगर टाकला, सुरुंगांच्या घड्याळांना चावी दिली आणि शेवटचे थोडे लोक होडीत उतरले. लांग्सडोर्फही उतरला. त्याला जहाजावरच राहायचं होतं आणि अधिकाऱ्यांनी गळ घालून उतरवलं असं सांगतात. सूर्यास्ताला स्फोट झाले. जहाज दोन-तीन दिवस जळत होतं.

खलाशांना अर्जेंटिनात सुखरूप पोचवून, त्यांची सोय लावून, पत्रं लिहूनच त्याने पिस्तूल हातात घेतलं. पत्रं तीन : बायकोला, आईवडिलांना, राजदूताला. अंत्ययात्रेला त्याने सोडलेल्या ब्रिटिश कप्तानांपैकीही एक जण आला होता.

शर्वरी_के

आणि घरचे? ती हजार माणसं?

दर्यावर्दी

घरचं फार वाईट आहे. मोठा मुलगा योआखिम नौदलात गेला. डिसेंबर १९४४ मध्ये 'बिबर' या एकट्या माणसाने चालवायच्या छोट्या पाणबुडीत, इंजिनाच्या विषारी वायूने गुदमरून मेला. बापाने ज्या वयाच्या पोरांना जिवंत किनाऱ्यावर उतरवलं, त्याच वयाचा.

हजार माणसं अर्जेंटिनात नजरकैदेत राहिली. पुष्कळ अधिकारी निसटून जर्मनीला परतले. तोफखान्याचा प्रमुख पाउल आशर त्यांतलाच. तो मे १९४१ मध्ये 'बिस्मार्क'वर मेला. नेव्हिगेशन अधिकारी युर्गेन वाटेनबर्गने पुढे यू-१६२ पाणबुडी चालवली, ब्रिटिशांच्या हाती लागला, तिथून अमेरिकनांच्या ताब्यात गेला आणि डिसेंबर १९४४ मध्ये ॲरिझोनाच्या छावणीतून बोगदा खणून पळालेल्यांचा म्होरक्या झाला. साध्या खलाशांपैकी बऱ्याच जणांनी तिथल्या मुलींशी लग्नं केली. कोर्दोबा प्रांतातलं व्हिया हेनेराल बेलग्रानो हे गाव आजही त्या वस्तीसाठी ओळखलं जातं. बाकीच्यांना फेब्रुवारी १९४६ मध्ये 'हायलंड मोनार्क' जहाजाने जर्मनीला परत नेलं आणि त्या जहाजाच्या राखणीला ब्रिटिशांनी पाठवली 'एजॅक्स'.

बखरकार

'एजॅक्स'चं माहीत नव्हतं. माझं मत लढाईपुरतं तेच राहील, पण १७ तारखेच्या निर्णयावर तुमच्याशी भांडणार नाही. यातले निम्मे जरी घरी पोचले असतील तरी ते त्या निर्णयामुळेच.

तांडेल_रत्नागिरी

माझं एवढंच म्हणणं : पुढचा धागा 'आल्टमार्क'वर आणि त्यातल्या हिंदी खलाशांवर काढा. कुणाकडे घरात जुनी नल्ली असेल, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, तर त्यातल्या जहाजांची नावं इथे टाका. मी माझ्या मामांच्या घरी विचारतो.